शटर अर्धं खाली

परवा ऑफिसात एका पोराने (वय वर्षं चोवीस, हुशार, कानात कायम ती पांढरी बोंडकं) माझ्यादेखत एक चालू सर्व्हर मारला. 'मारला' हा त्याचाच शब्द. मी विचारलं, "काय रे, काय केलंस?" तर म्हणे, "सर, नवीन व्हर्जन टाकायचं होतं. किल मायनस नाईन मारला." म्हटलं, "आधी साधं सांगून बघितलंस का? किती वेळ थांबलास?" तर म्हणाला, "थांबायचं कशाला?"

त्या 'कशाला'चं उत्तर मला तिथे देता आलं नाही. एक तर पुढची मीटिंग होती, आणि दुसरं म्हणजे या विषयावर माझा आवाज चढतो असं ऑफिसातल्या लोकांचं मत आहे. म्हणून आज इथे लिहितोय. मावशी, काका, वहिनी वगैरे मंडळींनी 'हा पुन्हा कॉम्प्युटरचं काहीतरी घेऊन बसला' म्हणून पळ काढू नये. ही गोष्ट तुमचीही आहे. पुढे पिग्मीच्या पैशांचा भाग आहे, तोवर तरी थांबा.

आधी दोन ओळींत समजावतो. सर्व्हर म्हणजे बँकेतली खिडकी. लोक येतात, रांगेत उभे राहतात, चलन आत सरकवतात, आतला माणूस नोंद करतो आणि शिक्का मारून पावती बाहेर देतो. लिनक्सवर असा चालू प्रोग्राम बंद करायचे मुख्य दोन मार्ग आहेत. पहिला, सिगटर्म नावाचा निरोप, क्रमांक १५. याचा अर्थ 'आवरतं घ्या'. प्रोग्रामला तो ऐकता येतो, हातातलं काम संपवता येतं. दुसरा सिगकिल, क्रमांक ९. हा प्रोग्रामला ऐकूच येत नाही. त्याला अडवता येत नाही, पुढे ढकलता येत नाही. खिडकीतल्या माणसाच्या हातात तुमच्या नोटा आहेत, चलन अर्धं लिहून झालंय, आणि त्याच क्षणी तो माणूसच नाहीसा! उरलं काय तर रिकामी खुर्ची. नोटा कुठे गेल्या ते तुमचं तुम्ही बघा.

आता पिग्मी.

२०१५ सालची गोष्ट. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं (नाव घेत नाही) छोटंसं काम मी नोकरी सांभाळून संध्याकाळी करत होतो. पिग्मी गोळा करणाऱ्यांकडे मोबाईल आणि कमरेला छोटा प्रिंटर. दुकानदाराने शंभर रुपये दिले की पावती फाडून द्यायची, आणि नेटवर्क मिळेल तेव्हा मोबाईल सगळ्या पावत्या एकदम सर्व्हरला पाठवणार. सर्व्हर त्यांची नोंद करणार आणि उलट 'मिळालं' असं कळवणार. 'मिळालं' आलं नाही तर मोबाईल पुन्हा पाठवणार. ऐकायला किती सरळ आहे ना? मलाही सरळच वाटलं होतं.

एका संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला मी घरी बसून एका रिपोर्टमधली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली ('शिल्लक'मधला 'श' ऱ्हस्वच्या ऐवजी दीर्घ पडला होता!) आणि नवीन व्हर्जन टाकायला जुना सर्व्हर बंद केला. कसा? किल मायनस नाईन. मारला.

नेमकं त्याच वेळी अप्परच्या बाजूला एक पिग्मीवाल्या काकू भाजीच्या गाड्यांपाशी उभ्या होत्या. त्यांच्या मोबाईलने ३७ पावत्या पाठवल्या होत्या. सर्व्हरने त्या डेटाबेसमध्ये लिहिल्या होत्या, 'मिळालं' म्हणायचं तेवढं बाकी होतं. ते म्हणायच्या आत मी त्याचा गळा दाबला. मोबाईलला वाटलं, पोचलंच नाही. नवीन सर्व्हर उठल्यावर त्याने इमानदारीत तेच सगळं पुन्हा पाठवलं आणि नवीन सर्व्हरने इमानदारीत पुन्हा लिहिलं. ३७ पावत्या दोनदा. ४,२७० रुपये कागदावर जास्त.

दुसऱ्या दिवशी काकू रोकड भरायला गेल्या तर ४,२७० कमी. अकरा वर्षं पिग्मी गोळा करणारी बाई. त्यांनी पावत्यांची स्थळप्रत दाखवली, हिशेब मांडला. साहेब म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही. काकूंनी घरी जाऊन पैसे आणून भरले.

नऊ दिवसांनी एका हारफुलं विकणाऱ्या माणसाने पासबुक भरून घेतलं आणि काउंटरवर येऊन म्हणाला, माझे शंभर जास्त दिसतायत. बाकीचे छत्तीस जण काही बोलले नव्हते (पासबुक रोज कोण बघतो, मी त्यांना दोष देत नाही). मग मला बोलावणं आलं. मी लॉग काढला. दोन वेळा त्याच सदतीस ओळी, मध्ये दोन मिनिटांचं अंतर, आणि त्या दोन मिनिटांत मी.

पैसे परत मिळाले, नोंदी दुरुस्त झाल्या. मी काकूंना जाऊन सांगितलं की चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "मिळाले हो दादा पैसे. पण साहेब आता माझ्यासमोर नोटा दोनदा मोजतात." काही महिन्यांनी रस्त्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं. अजून मोजत होते.

मंडळी, 'थांबायचं कशाला' याचं उत्तर हे आहे.

आता मी प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच. त्या दिवशी मी नऊच्या ऐवजी पंधरा पाठवला असता तरीही हेच झालं असतं. कारण सिगटर्म आल्यावर काय करायचं हे मी त्या प्रोग्राममध्ये लिहिलंच नव्हतं. आणि लिहिलं नसेल तर सिगटर्मनेही प्रोग्राम जागच्या जागी संपतो. म्हणजे माझा अपराध 'मारला' हा नव्हताच, त्याच्या आधीचा होता. मी उघडायचं कसं ते लिहिलं होतं, बंद करायचं कसं ते लिहिलं नव्हतं. आणि माझी खरी तक्रार त्या कानात बोंडकं घातलेल्या पोराबद्दल नाही, ती याबद्दल आहे. आपण सगळे प्रोग्राम सुरू करायला शिकतो. पुस्तकातलं पहिलं उदाहरण 'सर्व्हर कसा सुरू करावा', शेवटचं उदाहरणही तेच. बंद करणं हा धडाच नसतो. कंट्रोल-सी दाबा, झालं!

हे सगळं मी त्या रात्री बाबांना सांगितलं. बाबा बँकेत कॅशियर होते, निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना सर्व्हर वगैरे काही कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुम्ही शटर अर्धं का नाही ओढत?"

"म्हणजे काय, बाबा?"

"अरे, बँक बंद करायची वेळ झाली की शिपाई शटर अर्धं खाली ओढायचा. बाहेरचे बाहेर, आतले आत. आतल्या शेवटच्या माणसाचं काम झालं की तो वाकून बाहेर जायचा. मग आम्ही रोकड मोजायचो, वही जुळवायचो, तिजोरीला दोन किल्ल्या, आणि मग पूर्ण शटर. कोणी हातात चलन घेऊन उभा असताना आम्ही दिवे घालवले नाहीत कधी."

मी नेटवर्क प्रोग्रामिंगवरची जाडजूड पुस्तकं वाचली आहेत. नीट बंद करण्याबद्दल त्यांत जे आहे ते सगळं या चार वाक्यांत आहे. बघा हं, एक एक जुळवून दाखवतो. (ज्यांना तांत्रिक भाग नको त्यांनी पुढचे चार परिच्छेद गाळले तरी चालेल, पण वाचलेत तर बाबांना बरं वाटेल.)

निरोप आला की लगेच त्याच जागी आवराआवर सुरू करायची नाही. सिगटर्म कुठल्याही क्षणी येतो. प्रोग्राम मेमरी मागायच्या अर्ध्यात असेल, एखादं कुलूप लावून बसला असेल. तिथेच निरोप्याने तेच कुलूप मागितलं तर दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर बसणार. म्हणून निरोप्याने फक्त एक खूण करून ठेवायची: 'बंद करायचंय'. एक झेंडा वर करायचा, किंवा स्वतःच्याच पाइपात एक बाइट टाकायचा. मुख्य प्रोग्राम ती खूण बघून आपल्या सोयीने कामाला लागेल.

मग शटर अर्धं. नवीन जोडण्या घेणं बंद. इथे एक गंमत आहे. पायरीवर उभे असलेले लोक असतात, म्हणजे ज्यांची जोडणी ऑपरेटिंग सिस्टिमने घेतली पण आपल्या प्रोग्रामने अजून आत बोलावलेलं नाही. ऐकायचा सॉकेट धाडकन बंद केला तर लिनक्स या सगळ्यांना रिसेट पाठवतो, म्हणजे तोंडावर दार. म्हणून आधी पुढच्या लोड बॅलन्सरला सांगायचं की इकडे नवीन माणसं पाठवू नकोस, मग काही सेकंद थांबायचं, पायरीवरचे आत घ्यायचे, आणि मग शटर.

मग आतल्यांची कामं. जे चाललंय ते पूर्ण करायचं, डेटाबेसमध्ये लिहायचं, उत्तर द्यायचं. आणि उत्तर दिल्यावरही लगेच पाठ फिरवायची नाही! टीसीपीमध्ये बोलणं दोन बाजूंनी वेगवेगळं संपतं. हे १९८१ च्या आरएफसी ७९३ पासून तसंच आहे, २०२२ च्या आरएफसी ९२९३ मध्येही तसंच. 'माझं बोलून झालं' असं एक बाजू सांगते, तरी दुसरीला बोलायचा हक्क असतो. समोरच्याने पाठवलेलं काही न वाचताच तुम्ही सॉकेट बंद केलात तर रिसेट जातो आणि तुम्ही नुकतंच दिलेलं उत्तर समोरच्याला वाचायला मिळेलच याची खात्री नाही. म्हणजे शिक्का मारून पावती दिली आणि तो घेतोय तोवर खिडकी त्याच्या बोटांवर आपटली. बरोबर रीत अशी: आपली बोलायची बाजू बंद करा, समोरच्याचं 'बरं, येतो' ऐकू येईपर्यंत वाचत राहा, मग बंद करा.

आणि शेवटी वेळेची मर्यादा. कोणी आत बसूनच राहिला तर किती थांबायचं? ठरवा. तीस सेकंद म्हणा. त्यानंतर कोणाकोणाचं काम अर्धवट राहिलं ते वहीत लिहा आणि मग बाहेर पडा. बाबांच्या भाषेत, वही जुळली नाही तर 'जुळली नाही' असं लिहून सही करायची. दिवे घालवून घरी जायचं नाही.

यावर मला नेहमी तीन आक्षेप ऐकवतात. तिन्ही घेतो.

पहिला: "वीज गेली तर? मशीनच बंद पडलं तर? तेव्हा कुठे सिगटर्म असतो?" हा आक्षेप मूर्खपणाचा नाही. २००३ साली कँडिया आणि फॉक्स या दोघांनी यावर एक निबंधच लिहिला होता. त्यांचं म्हणणं, प्रोग्राम असाच लिहा की कोसळणं हीच त्याची बंद व्हायची एकमेव रीत असेल. कोसळण्यातून उठता यायलाच हवं, तर वेगळी सभ्य रीत कशाला? खरं सांगतो, यातलं अर्धं मला शंभर टक्के मान्य आहे. माझ्या सर्व्हरने पावती क्रमांक बघून 'ही आधीच आलीय' असं ओळखलं असतं, तर काकूंना एक रुपयाचाही त्रास झाला नसता. ते मी नंतर केलं, आधी करायला हवं होतं. पण लक्षात घ्या, त्या निबंधातली अट फार कडक आहे. महत्त्वाचं सगळं टिकाऊ जागी लिहिलेलं हवं, आणि विचारणाऱ्याला पुन्हा विचारता यायला हवं. ज्यांनी ती अट पाळलीय त्यांनी खुशाल मारावेत. मायनस नाईन मारणाऱ्या किती जणांनी ती पाळलीय? मी तरी नव्हती पाळली. पडल्यावर उठता येणं चांगलंच, म्हणून कोणी आपल्या माणसाला रोज जिन्यावरून ढकलत नाही.

दुसरा: "आता कुबरनेटिस बघतो ते सगळं." काय बघतो? तो सिगटर्म पाठवतो, तुम्ही काही बदललं नसेल तर ३० सेकंद थांबतो आणि मग सिगकिल पाठवतो. डॉकर साधारण १० सेकंद थांबतो. म्हणजे ही अवजारं तुम्हाला वेळ देतात. त्या वेळात काय करायचं ते तुम्हीच लिहायचं असतं. त्यातही कंटेनर शेलमधून सुरू केला असेल तर पुष्कळदा निरोप त्या शेललाच मिळतो आणि तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. तीस सेकंद नुसती शांतता, आणि मग गोळी. मी असे सर्व्हर पाहिलेत जे वर्षानुवर्षं रोज असेच मरतायत आणि मालकाला वाटतंय की सगळं व्यवस्थित बंद होतंय.

तिसरा: "बंद होतच नाही हो! आणि झाला तरी पुन्हा सुरू करताना पत्ता आधीच वापरात आहे म्हणून रडतो." यातला दुसरा भाग टीसीपीच्या टाइम-वेटचा. लिनक्सवर साधारण ६० सेकंद जुन्या जोडणीची आठवण ठेवली जाते, म्हणजे वाटेत रेंगाळलेलं जुनं पाकीट नव्या जोडणीत घुसू नये. त्यासाठी पत्ता पुन्हा वापरू देणारी एक ओळीची सेटिंग आहे, ती सुरू करतानाच द्या. आणि पहिला भाग, 'बंद होत नाही', हा आजार आहे, त्यावर मायनस नाईन हे औषध नाही. बंद होत नाही म्हणजे कोणीतरी आत अडकलंय. कोण ते बघा ना आधी!

आणि हे फक्त माझ्या पिग्मीपुरतं नाही. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजचं उदाहरण घ्या. रोज दुपारी साडेतीनला बाजार बंद होतो. वेळ सगळ्यांना माहीत, शिल्लक ऑर्डरींचं काय होणार ते माहीत. उत्तम बंद. पण २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार मध्येच थांबवावे लागले. टेलिकॉम जोडण्यांमधल्या बिघाडामुळे, असं एक्सचेंजने सांगितलं. बीएसई चालू होता. लोकांचे त्याच दिवशी मिटवायचे सौदे उघडे पडलेले, आणि पुन्हा कधी उघडणार ते तासन् तास नक्की नाही. शेवटी पावणेचारला उघडून पाचपर्यंत चालवलं. तोवर किती तरी जणांचे सौदे त्यांच्या ब्रोकरांनी मिळेल त्या भावाला मिटवून टाकले होते. बिघाड कोणाचाही होतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला एवढंच दाखवायचंय की थांबण्यापेक्षा 'आतल्यांचं काय' हे ठरलेलं नसणं जास्त महाग पडतं.

याच्या उलट तार. बीएसएनएलने तारसेवा बंद करायचं ठरवलं, आधी जाहीर केलं, आणि १४ जुलै २०१३, रविवारी शेवटच्या तारा घेतल्या. लोकांनी रांगा लावून एकमेकांना तारा केल्या. दीडशेहून जास्त वर्षं चाललेली सेवा, पण तारीख सांगून, शेवटच्या दिवशीच्या तारा घेऊन बंद केली. फार लांब कशाला, आपली महापालिका बघा. 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल.' बिबवेवाडीत कोणी या ओळीवर खूश होत नाही, पण बुधवारी रात्री पिंप भरलेलं असतं. कधी बंद, कधी चालू, आणि चालू होताना काय अडचण येईल, तिन्ही एका ओळीत. माझ्या सर्व्हरच्या सूचना एवढ्या चांगल्या नसतात :)

आणि आपल्या भाषेला तर हे आधीपासूनच कळलेलं आहे. आपण दुकान बंद करतो असं जुनी माणसं म्हणत नाहीत, दुकान 'वाढवतात'. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून 'जातो' म्हणून निघालो तर आई अजून ओरडते, 'येतो' म्हणावं. गणपती दीड दिवसाचा असो की दहा दिवसांचा, मूर्ती उचलून थेट हौदावर नेत नाही कोणी. उत्तरपूजा करतो, अक्षता वाहतो, मूर्ती जागेवरून जराशी हलवतो, हातावर दही ठेवतो आणि मग निघतो. ज्या घरात हे सगळं न चुकता होतं त्याच घरात बसून मी एका वेलांटीसाठी मायनस नाईन मारला होता, याची मला आजही लाज वाटते.

तर माझं म्हणणं एवढंच. सर्व्हर लिहिणाऱ्याने बंद करायचा भाग लिहिल्याशिवाय 'झाला' म्हणू नये. आणि दुसऱ्याचा प्रोग्राम तपासणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: काम चालू असताना याला सिगटर्म दिला तर काय होतं, दाखव. दाखवता आलं नाही तर परत पाठवावा. मारणं ही शेवटची पायरी आहे. ती असावीच, पण पहिली नसावी.

सोमवारी त्या पोराला घेऊन बसणार आहे. चाळीसेक ओळींचं काम आहे. आधी काकूंची गोष्ट सांगेन, मग ओळी.

असो. आतून बाबा तिसऱ्यांदा 'पान वाढलंय' म्हणून ओरडलेत. आमच्या घरात तीन सिगटर्मनंतर आई वायफायचं बटण बंद करते, तेव्हा एवढं सेव्ह करून उठतो.